धनुष्य कुणाला कळतं?

मंडळी, मागच्या वेळी आपण प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधल्या दहाव्या भागापाशी थांबलो होतो. बासरी चांगली की वाईट हे वाजवणाऱ्याला कळतं, असं तो तिथे म्हणतो. वाजवणाऱ्याकडे ज्ञान, बनवणाऱ्याने त्याचं ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा. चित्रकाराकडे यातलं काहीच नाही. हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. खरं सांगायचं तर शंका कधी आली नाही. ती आली एका बांबूच्या धनुष्यामुळे.

साताऱ्यात आज तिरंदाजी म्हटलं की अदिती स्वामी आठवतात. २०२३ साली, वयाच्या १७व्या वर्षी, बर्लिनला कंपाउंड प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या. त्या धनुष्याला चाकं असतात. पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार निम्म्याहून कमी होतो. साध्या लांब धनुष्यात ही सवलत नाही. ओढाल तितका भार वाढणार. प्रश्न एवढाच की कसा वाढणार? चांगल्या धनुष्यात तो इंचाइंचाने सारखा चढतो. वाईटात शेवटच्या दोन-तीन इंचांत एकदम भिंत लागते.

आमच्याकडे आलेलं धनुष्य असंच होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका बुरूड कारागिराने केलेलं, दिसायला साधं. साताऱ्याच्या मैदानावर एका मुलाने ते ओढलं आणि म्हणाला, “सर, शेवटाला अडतंय.”

प्लेटोच्या हिशेबाने काम संपलं. वापरणाऱ्याने सांगितलं, बनवणाऱ्याने ऐकावं. पण ऐकून करायचं काय? मुलाला अडत होतं शेवटाला, आणि दोष होता मुठीजवळ. तिथे कांब जाड राहिली होती, वाकतच नव्हती. मग सगळं वाकणं टोकांकडच्या भागावर यायचं. म्हणजे धनुष्य दिसायला लांब, पण काम करणार आखूड धनुष्यासारखं. टोकं लवकर वळून दोरीशी काटकोनाकडे जायची, आणि भिंत लागायची ती तिथे. कारागिराने धनुष्य भिंतीला टेकवून दोरी थोडी थोडी ओढत नुसतं पाहिलं. मग काचेच्या तुकड्याने मुठीजवळ पोटाच्या बाजूने खरवडलं. चार वेळा खरवडायचं, वीस वेळा ओढायचं, पुन्हा पाहायचं. वाकतं तिथे हात लावायचा नाही, वाकत नाही तिथून काढायचं. पाठीला तर शिवायचंच नाही. बांबूचे दाट, बळकट तंतू सालीखाली असतात आणि ताण तेच सोसतात. काढलेलं परत चिकटवता येत नाही, हेही आहेच. ओढ थोडी हलकी झाली, पण अडणं गेलं.

दोष जाणवला मुलाला, दोषाची जागा कळली कारागिराला. याला नुसता विश्वास कसं म्हणायचं?

मिरजेला सतार किंवा तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलं असेल तर हे नवं वाटणार नाही. वाजवणारा म्हणतो, आवाज मोकळा हवा. घोडी नेमकी कुठे घासायची, हे तो सांगू शकत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीपासून तिथे गिऱ्हाईक समोर बसून ऐकतं. नक्षीवर कुणी वाद्य निवडत नाही. (काही निवडतात, ते सोडा.)

धनुष्याच्या बाबतीत आपल्याकडे अशी बैठकच नाही. कौटिल्य आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड, शिंग अशी धनुष्यांची यादी देतो आणि पुढे जातो. आजच्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत धनुष्यं मांडतात: गोंडे, रंग, वार्निश, आणि दोरी ढिली. परीक्षक लांबूनच गुण देतात. आमची तक्रार आहे ती इथे. ही धनुष्यं म्हणजे प्लेटोच्या चित्रकाराचं काम. धनुष्यासारखं दिसतं, ओढलं तर मोडेल. चित्रकाराबद्दल प्लेटोचं मत आपल्याला जड वाटतं, पण या मांडणीपुढे उभं राहिलं की पटतं.

त्या कारागिराकडे आम्ही पुन्हा गेलो होतो. आणखी एक धनुष्य हवं होतं, त्या मुलाच्या उंचीचं. ओसरीवर रंगीत गोंडे लावलेली आठ-दहा धनुष्यं वाळत होती.

“आता शोभंचीच करतो सर,” ते म्हणाले. “दोरी कुणी चढवतंय व्हय?”

आम्ही आगाऊ पैसे दिले. ते म्हणाले, बांबू चांगला वाळायला पाहिजे, दिवाळीनंतर या.