थायमसच्या नकाशातले बाण: साम्य म्हणजे वंश नव्हे

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये मानवी थायमसचा पेशी-नकाशा आला. गर्भाच्या ७व्या आठवड्यापासून प्रौढांपर्यंतच्या थायमसमधल्या सुट्या पेशींचा आरएनए वाचून संशोधकांनी ५० हून जास्त पेशीप्रकार वेगळे काढले. काम जबरदस्त आहे. या विषयात शिरणाऱ्या कुणालाही मी आधी हाच पेपर वाचायला सांगेन. माझी तक्रार आहे ती त्यातल्या बाणांबद्दल, आणि खरं तर आपण ते कसे वाचतो याबद्दल.

असे बाण साम्यावरून काढलेले असतात. कोणत्या पेशीचा आरएनए कोणाशी जास्त जुळतो ते बघून संगणक त्यांना रांगेत बसवतो. लग्नातला ग्रुप फोटो बघून आपण वयाचा अंदाज बांधू शकतो, पण कोण कोणाचा मुलगा हे चेहऱ्यावरून ठरवायला गेलो तर फसतो. तसंच हे.

हा नुसता शब्दच्छल नाही. २००८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं, की उंदराच्या थायमसमधल्या अगदी सुरुवातीच्या पूर्वज पेशी टी पेशींबरोबर मायलॉइड पेशीही बनवू शकतात. मग २०१० मध्ये आयएल-७ रिसेप्टरचं जनुक एकदा चालू झालं की पेशीवर कायमची खूण उमटेल, असे उंदीर वापरले गेले. जवळपास सगळ्या टी पेशींवर खूण सापडली, पण थायमसमधल्या बहुतेक मायलॉइड पेशी कोऱ्याच! म्हणजे बनवू शकणं वेगळं आणि शरीरात प्रत्यक्ष बनवणं वेगळं.

माणसात अशी खूण करता येत नाही. पण टी पेशी स्वतःच एक खूण करते: टी पेशी रिसेप्टरसाठी ती आपला डीएनए कापून जोडते. डेल्टा साखळीची जनुकं अल्फाच्या मधोमध बसलेली असल्यामुळे अल्फाची जोडणी झाली की डेल्टाचा तुकडा कापला जातो; त्या गुणसूत्रापुरता गॅमा-डेल्टा होण्याचा रस्ता बंद. या पेपरने रिसेप्टरचे क्रमही वाचले, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत भक्कम भाग तोच आहे.

गोची अशी, की ही खूण उमटते ती जोडणी सुरू झाल्यावर. सीडी-३४ असलेल्या, अजून काहीच न जोडलेल्या पेशी टी, एनके की डेंड्रिटिक होणार, हा प्रश्न त्याआधीचा. म्हणजे जिथे वाद सगळ्यात मोठा, तिथेच आपल्या हातात फक्त साम्य उरतं.

फरक कुणाला पडतो? २००९ मध्ये टी-ल्युकेमियाचा एक प्रकार वेगळा ओळखला गेला. त्यातल्या पेशी थायमसच्या सुरुवातीच्या पूर्वज पेशींसारख्या दिसतात, आणि त्यांच्यावर मायलॉइड खुणाही असतात. ‘सारख्या दिसतात’ वरून ‘त्यांच्यातूनच आल्या’ असं म्हणून टाकणं सोपं आहे, पण ते सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो. मायटोकाँड्रियाच्या डीएनएमधले आपोआप झालेले बदल वंशखूण म्हणून वाचता येतात. पुढच्या नकाशांत ते हवेत. तोवर बाण तुटक रेषेने काढले, तर चित्र जास्त प्रामाणिक होईल.