मिश्रमाध्यम कलेतील वाघ : बोर व्याघ्र प्रकल्पाच्या संदर्भात

प्रास्ताविक :
वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्य १९७० साली घोषित झाले आणि २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौ. कि. मी. क्षेत्राच्या या वनात वाढलेल्या तरुण वाघास नव्या प्रदेशाच्या शोधात बाहेर पडावेच लागते. बाहेर शेते, विजेच्या तारा आणि महामार्ग आहेत. येथील ‘बाजीराव’ हा वाघ २०१७ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने मरण पावला. या वास्तवाला मिश्रमाध्यम कला कितपत भिडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
रंगासोबत माती, कापड, लाकूड, धातू, छायाचित्रे इत्यादी वस्तू एकाच कलाकृतीत योजणे म्हणजे मिश्रमाध्यम. वस्तू आपला पूर्वेतिहास घेऊन कलाकृतीत येते, हे या प्रकाराचे खरे सामर्थ्य होय. मात्र वाघाच्या मुखाभोवती वाळलेली पाने चिकटविल्याने ते साध्य होत नाही. ती पाने काढून तेथे हिरवा रंग दिला तरी अर्थ बदलत नसेल, तर माध्यम केवळ सजावट ठरते.

या दृष्टीने सेवाग्रामची बापूकुटी अभ्यसनीय आहे. तेथील भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे व मोर मातीच्या उठावात साकारले. भिंत आणि चित्र यांची माती एकच असल्याने चित्र त्या जागेपासून वेगळे करता येत नाही. वारली परिसरातील वाघोबाच्या लाकडी फळीवर वाघासोबत सूर्य-चंद्र कोरलेले असतात आणि तीस शेंदूर लावतात. तेथे शेंदूर हा केवळ रंग नसून भय आणि श्रद्धा यांची खूण आहे.

आजच्या कलावंतापुढील अडचण वेगळी आहे. वाघाचे कातडे वा नखे वापरणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार निषिद्ध आहे. म्हणून वाघ त्याच्या खुणांतूनच दाखवावा लागतो. पूर्वी वनरक्षक व्याघ्रगणनेसाठी पाऊलखुणांचे प्लास्टरचे साचे घेत. एकाच पंजाचा ठसा मातीगणिक बदलत असल्याने ही पद्धत सदोष ठरली आणि २००६ च्या अंदाजापासून स्वयंचलित कॅमेऱ्यांस महत्त्व आले. वाघ येथून गेला एवढेच साचा सांगतो. किती उरले, हे सांगत नाही. गणनेतील ही उणीव कलेत मात्र अर्थपूर्ण ठरू शकते.

तथापि केवळ वाघाचा ठसा पुरेसा नाही. पऱ्हाटीच्या काड्या, कुंपणाची तार आणि डांबर हीदेखील वर्ध्याच्या वाघाची माध्यमे आहेत. तारेत पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याची विवंचना आहे आणि वाघाचा मृत्यूही आहे. शेतकऱ्यास वगळून केलेली करुणा एकांगी ठरते. उलट त्यास खलनायक ठरविणारी कलाकृती अन्यायकारक होते.

निष्कर्ष :
संकटात आहे तो वाघ आणि त्याचा शेजार, दोन्हीही. ज्या कलाकृतीतील प्रत्येक वस्तू या शेजाराची साक्ष देते, तिलाच मिश्रमाध्यम हे नाव सार्थ आहे. महाविद्यालयीन प्रदर्शनांतील अशा कलाकृतींचे मूल्यमापन करताना वाघ किती हुबेहूब साधला यापेक्षा वापरलेली वस्तू कोठून व का आली, हा प्रश्न प्रथम विचारला जाणे अगत्याचे आहे.