ओळख आणि पुरावा : छायाचित्रावरून जुन्या स्पोर्ट्स कारचे अभिज्ञान

प्रास्ताविक

जुन्या स्पोर्ट्स कारचे छायाचित्र पाहून तिचा निर्माता, मॉडेल व निर्मितीचा काळ सांगणे हा मोटारप्रेमींचा आवडता छंद आहे. वरवर पाहता तो केवळ करमणुकीचा प्रकार वाटतो. वस्तुतः त्यामागे चिकित्सक वाचनाची एक पद्धती आहे. प्रस्तुत टिपणात या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा यांचा विचार केला आहे.

तपशिलांचे वाचन

इटालियन कलासमीक्षक जोव्हानी मोरेल्ली (1816–1891) यांनी चित्राचा कर्ता ठरविताना एकूण परिणामापेक्षा कान, नखे यांसारख्या दुर्लक्षित तपशिलांवर भर दिला. मोटारींचा जाणकारही याच वाटेने जातो. ब्रिटिश एमजी कंपनीच्या ‘टी’ मालिकेतील तीन गाड्या नवख्या नजरेला एकसारख्याच दिसतात. परंतु टीसी (1945–49) ही उंच, 19 इंची, तारेच्या आऱ्यांच्या चाकांवरून ओळखता येते. टीडी (1950–53) ही 15 इंची चाके व बंपर यांवरून, तर टीएफ (1953–55) ही मडगार्डांत सामावलेले दिवे व मागे कललेली दर्शनी जाळी यांवरून. मात्र कोणतीही एक खूण निर्णायक मानता येत नाही. तारेच्या आऱ्यांची चाके टीएफलाही मागणीनुसार मिळत असत. त्यामुळे अनेक खुणांचा परस्परमेळ हाच ओळखीचा खरा आधार ठरतो.

छायाचित्राची मर्यादा

2000 च्या दशकात अलिबाग परिसरात तयार झालेली चिंकारा रोडस्टर या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचे रूप 1957 मधील ब्रिटिश लोटस सेव्हनच्या वळणाचे; इंजिन मात्र इसुझूचे 1.8 लिटरचे. धूसर छायाचित्रात ती सहज अर्धशतक मागे जाऊ शकते. छायाचित्र आकार दाखवते, वंशावळ दाखवत नाही. वालीवच्या औद्योगिक गाळ्यांत साच्यावर काम करणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगावे लागत नाही. साचा हाती आला की मूळ वस्तू व तिची प्रत बाहेरून सारखीच दिसते. फरक सापडतो तो जोडांत, जाडीत आणि आतल्या बाजूस. हे हाताचे ज्ञान आहे; मोटारप्रेमींच्या चर्चेत त्याला क्वचितच स्थान मिळते.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ब्रिटिश परिभाषेत ‘व्हिंटेज’ म्हणजे साधारणतः 1919 ते 1930 मधील मोटार. भारतात 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या वाहनांना ही संज्ञा लागू केली. चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अटही घातली. मूळपणाला असे कायदेशीर मोल आल्यावर नजरेची साक्ष अपुरी पडते. छायाचित्रावरून केलेली ओळख हे अनुमान होय. चॅसिस क्रमांक, नोंदणीची कागदपत्रे व प्रत्यक्ष तपासणी यांनी ते सिद्ध व्हावे लागते. मात्र अनुमानाचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. काय तपासावयाचे, हे प्रथम तेच सुचविते. जुन्या छायाचित्रांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने हा विवेक बाळगणे आवश्यक आहे.