भरून घेतलेली गाणी : वाशीम जिल्ह्यातील ध्वनिमुद्रण, नक्कल आणि कुलूप

इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या गाण्यांमुळे ध्वनिमुद्रित संगीताच्या विक्रीला किती फटका बसला, हा वाद गेली पंचवीस वर्षे जगभर चालू असला, तरी त्यामागचे गृहीतक मात्र एकच आहे : गावात कॅसेटचे किंवा सीडीचे अधिकृत दुकान होते, गिऱ्हाईक तेथे जात होते आणि फुकटची सोय होताच ते जायचे थांबले. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या निघालेल्या वाशीम जिल्ह्यात हे गृहीतक पहिल्याच पायरीवर अडखळते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांच्या, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येच्या आणि पाचांतील चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहणाऱ्या या मुलखात मुंबईच्या ‘ऱ्हिदम हाउस’सारखे दुकान नव्हते, तेथे गाणे विकत घेतले जाण्यापेक्षा ‘भरून’ घेतले जाई. कोरी कॅसेट नेऊन तीत गाणी भरून आणायची, पुढे एमपीथ्री सीडी भरून घ्यायची आणि त्याहीपुढे मोबाइलचे मेमरी कार्ड भरून घ्यायचे, अशा तीन पिढ्यांच्या यंत्रांना हे एकच क्रियापद पुरून उरले. डब्यात तेल किंवा पोत्यात धान्य भरावे तसे गाणे भरायचे, आणि भरण्याचे दाम द्यायचे, ही समजूत मुळात विक्रीच्या हिशेबात बसणारी नाही. तिला सरसकट चोरी म्हणणे सोपे असले तरी त्याने काहीच उलगडत नाही.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली कॅसेट भारताच्या खेड्यापाड्यांत पोचायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले. तोवर तबकडीचा जवळपास सगळा व्यापार ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एचएमव्ही’च्या, हाती होता आणि तबकडी वाजवणारे यंत्र सधन घरापुरतेच होते. कॅसेटने ही मक्तेदारी मोडली. ती मोडण्यात दिल्लीच्या गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजचा वाटा मोठा होता, आणि त्या कंपनीने वापरलेली कायद्यातील फट येथे नोंदवण्याजोगी आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२(१)(जे) नुसार मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटल्यावर, नोटीस देऊन आणि ठरलेले स्वामित्वशुल्क भरून, तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून नव्याने गाऊन घेता येई. त्यास ‘व्हर्शन रेकॉर्डिंग’ म्हणत. जुनी चित्रपटगीते अशा रीतीने स्वस्त कॅसेटवर आली आणि २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद बदलून तिच्या जागी अधिक कडक अटींचे कलम ३१सी येईपर्यंत ती वाट चालू राहिली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतापुरता दाखवलेला परिणाम विदर्भालाही लागू पडतो : यंत्र स्वस्त झाले, मुद्रण स्वस्त झाले, आणि ज्या बोलींना व ज्या समाजांना तबकडीवर कधी जागा मिळाली नव्हती, त्यांची गाणी प्रथमच बाजारात उतरली.

वाशीम जिल्ह्यात या गाण्यांचे ठळक प्रवाह दिसतात. भीमगीतांचा प्रवाह सर्वांत जोमदार. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची हजारो गीते आणि प्रल्हाद शिंदे यांच्यापासून आनंद व मिलिंद शिंदे यांच्यापर्यंतचे आवाज, यांना वस्त्यावस्त्यांत नेण्याचे काम गायन पार्ट्यांइतकेच कॅसेटनेही केले. दुसरा प्रवाह बंजारा समाजाचा. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीचे ठिकाण. रामनवमीच्या यात्रेला तेथे महाराष्ट्राबरोबर तेलंगण आणि कर्नाटकातूनही तांडे येतात. बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत आणि कर्नाटकात कन्नडमध्ये लिहिली जाते. त्यामुळे छापील पुस्तक जेथे सीमेवर अडते, तेथे कानाने ऐकलेले भजन किंवा होळीतील लेंगी सहज पलीकडे जाते. लेंगी म्हणजे डफाच्या तालावर फेर धरून म्हणायचे सामूहिक गीत. त्याला एक कवी नसतो आणि एक चालही कायम नसते. कारंज्याच्या दत्तभक्तीचा आणि गावोगावच्या भजनी मंडळांचा प्रवाह याहून जुना, पण तो मुद्रणावर कमी आणि पाठांतरावर अधिक विसंबून राहिला.

नक्कल रोखण्याचा विचार या व्यापारात मुळीच नव्हता असे नाही; तो होता, पण उलट्या दिशेने. छापील कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन लहान चौकोनी खळगे असत, कारण तेथील प्लॅस्टिकच्या खिट्या कारखान्यातच काढून टाकलेल्या असत. टेपरेकॉर्डरमधील एक काटा त्या खळग्यात गेला की रेकॉर्डिंगचे बटण दबत नसे. ही व्यवस्था टेपवरचे गाणे चुकून पुसले जाऊ नये म्हणून होती. त्या गाण्याची नक्कल दुसऱ्या टेपवर करण्यास तिची काडीचीही आडकाठी नव्हती. शिवाय खळग्यात कागदाचा बोळा कोंबला किंवा वरून चिकटपट्टी लावली की न चाललेल्या छापील कॅसेटवर नवी गाणी भरता येत, आणि डबल डेकच्या यंत्रावर दुप्पट वेगाने ती भरली जात. नकलेच्या नकलेत आवाज घोगरा होत जाई, हाच त्या काळातला एकमेव खरा अटकाव होता.

संगणकीय मुद्रणाने हा अटकाव काढून टाकला, कारण शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच उतरू लागली. १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये न्यायालयीन आदेशाने थांबलेल्या नॅपस्टर या गाणी वाटून घेण्याच्या सेवेनंतर पाश्चात्त्य कंपन्यांनी सीडीवरच कुलपे घालायला सुरुवात केली. ‘नक्कलरोधक तंत्र’ म्हणजे तबकडी यंत्रावर वाजावी पण संगणकात उतरू नये, अशी केलेली योजना. त्यांपैकी एक कुलूप २००२ मध्ये तबकडीच्या कडेवर साध्या मार्कर पेनची रेघ ओढून उघडता येते असे निघाले, तर २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या तबकड्या ग्राहकाच्या संगणकात न सांगता लपून बसणारी प्रणाली घुसवतात असे उघड झाल्यावर त्या माघारी घ्याव्या लागल्या. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकालाच कुलुपाचा जाच आणि फुकट्याला मोकळे रान, हा त्या साऱ्या खटाटोपाचा निष्कर्ष होता. आयट्यून्सने २००९ मध्ये गाण्यांवरची कुलपे काढली तेव्हा तो कबूलही झाला. भारताने मात्र, जग हे हत्यार खाली ठेवत असताना, २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आणून उल्लंघनाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. वाशीमच्या बाजारपेठेत हे कलम तोडण्याची संधीच कुणाला मिळाली नाही; तेथे येणारी फाइल आधीच कुठेतरी उघडलेली असे.

ती फाइल येई मोबाइल शॉपीच्या काउंटरवरील संगणकातून. गिऱ्हाईक बोटाच्या नखाएवढे कार्ड काढून देई, दुकानदार ते कार्ड रीडरमध्ये खोचून ‘हिंदी जुनी’, ‘भीमगीते’, ‘बंजारा’, ‘डीजे’ अशा फोल्डरांवर बोट ठेवून विचारी आणि अख्खे फोल्डर उतरवी. दाम गाण्यांचे नव्हे, तर कार्डाच्या क्षमतेवर ठरे. या व्यवहारावर दोन उपाय झाले आणि दोन्ही नमुनेदार आहेत. झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाल्यांना वर्षभर स्थानबद्ध करता यावे म्हणून केलेल्या १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ हाही वर्ग घालण्यात आला, म्हणजे नक्कल करणारा दारूच्या भट्टीवाल्याच्या पंक्तीला बसला. दुसरीकडे संगीत कंपन्यांच्या संघटनेने अशा दुकानांना शुल्क घेऊन परवाने देण्याची योजना काढली. दुसरा उपाय पहिल्याहून कितीतरी शहाणपणाचा होता, कारण त्याने ‘भरणे’ हाच व्यापार आहे हे मान्य केले. पण परवान्याचा पैसा ज्यांची गाणी कंपनीच्या सूचीत आहेत त्यांच्याकडेच जाणार, आणि लेंगी किंवा गावच्या गायन पार्टीचे मुद्रण त्या सूचीत बहुधा नसणार, हेही उघड होते.

विक्रीवरील परिणामाचा विचार आता या पार्श्वभूमीवर करता येईल. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाणी उतरवून घेण्याचा विक्रीवरील परिणाम जवळजवळ शून्य ठरवला, लीबोविट्झ यांनी तो जोरदार खोडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु दोन्ही पक्ष विकल्या गेलेल्या तबकड्याच मोजत होते. मोठ्या कंपनीचे नुकसान पुढे कॉलर ट्यून आणि स्ट्रीमिंगने बरेच भरून निघाले. एवढेच काय, सारेगामाने २०१७ मध्ये ५,००० गाणी आधीच भरलेले ‘कारवां’ नावाचे यंत्र काढून मेमरी कार्डाचीच कल्पना रीतसर विकली. कॅसेट काढणारा लहान निर्माता बुडाला. गायकाचे काय झाले, हे मात्र विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही, कारण स्थानिक गायकाला कॅसेटपोटी बहुधा एकरकमी बिदागी मिळे आणि त्याचे पोट चाले ते कार्यक्रमाच्या सुपारीवर. कॅसेट ही त्याची जाहिरात होती. ती जितकी अधिक भरली जाई, तितके सुपारीचे निरोप अधिक, एवढा तो सरळ हिशेब. त्याचे नुकसान नकलेने झाले नाही. नकलेतून नाव गळाल्याने झाले.

या बाबतीत कायद्याची नजर पूर्वीपासूनच अधू आहे. १९८४ मध्ये आलेल्या कलम ५२ए नुसार कॅसेटच्या वेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रताधिकारधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे सक्तीचे झाले. गायक, कवी किंवा वादक यांचे नाव छापण्याची सक्ती त्यात नाही. तरीही कॅसेटच्या कागदी वेष्टनावर गायकाचा फोटो आणि बऱ्याचदा संपर्काचा पत्ता असे. मेमरी कार्डावरील फाइलला वेष्टन नसते. गायकाच्या रकान्यात ती जेथून उतरवली त्या संकेतस्थळाचे नाव, गाण्याच्या जागी ‘ट्रॅक ०७’, आणि फोल्डरवर केवळ जातीचे किंवा प्रसंगाचे लेबल, अशी त्या गाण्याची ओळख उरते. १९७७ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीताचा हक्क निर्मात्याकडे जाऊ दिला, तेव्हा न्या. कृष्णा अय्यर यांनी गायकाच्या उपेक्षेकडे मुद्दाम लक्ष वेधले होते. १९९४ आणि २०१२ च्या दुरुस्त्यांनी कलावंतांचे हक्क मान्य केले, पण हक्क वसूल करायला आधी आपले नाव कुठेतरी नोंदलेले असावे लागते.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यावर कार्ड भरण्याचा धंदाही आटत गेला आणि गाणे यूट्यूबवर आले. गंमत अशी की नकलेवरचे पहिले खरेखुरे चालणारे कुलूप येथेच आहे. ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा प्रत्येक नव्या चित्रफितीची तुलना नोंदलेल्या मुद्रणांच्या साठ्याशी करते आणि जुळणी झाल्यास जाहिरातीचे उत्पन्न दावेदाराकडे वळवते. हे कुलूप राखते ते नोंदणी करणाऱ्याला. पारंपरिक लेंगीची चाल सर्वांची असली, तरी तिचे एखादे मुद्रण ज्याने नोंदवले त्याचा दावा यंत्रापुढे उभा राहू शकतो, आणि जिच्या आजीकडून ती चाल आली त्या तांड्यातील बाईला मालकीचा रकाना भरण्याजोगे काहीच नसते.

मराठी परंपरेने मात्र या प्रश्नावर फार जुना तोडगा काढून ठेवला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताने आपले नाव गुंफावे, शाहिराने लावणी-पोवाड्यात तेच करावे आणि वामनदादांनीही गीताच्या अखेरीस ‘वामन’ ही नाममुद्रा ठेवावी, ही रीत म्हणजे वेष्टन फाडले, फाइलचे नाव बदलले किंवा दुसऱ्याने गायिले तरी न निघणारी मोहोर होती. कॅसेटवर ती टिकली, कारण कॅसेट शेवटपर्यंत वाजे. मेमरी कार्डावरही टिकली. आता मिरवणुकीतील डीजेचे मिश्रण आणि तीस सेकंदांची रील मुखडा घेते, फार तर एखादा अंतरा घेते, आणि नाममुद्रा असलेला शेवटचा अंतरा येण्याआधीच पुढच्या गाण्याचा ठेका सुरू होतो.