सातबाऱ्यातील कंस आणि रेघ

महाराष्ट्र शासनाने २०२० साली सातबारा उताऱ्याच्या मांडणीत केलेले बदल ही केवळ महसुली सोयीची बाब नव्हे. तो चिन्हव्यवस्थेचाही प्रश्न आहे.

जुन्या उताऱ्यात मयत खातेदाराचे नाव अथवा फिटलेला बोजा कंसात दाखविला जाई. मराठी लेखनात कंस हे स्पष्टीकरणाचे किंवा पुरवणीचे चिन्ह होय. कंसातील मजकूर गौण असेल, पण रद्द नसतो. तलाठ्याच्या लेखी मात्र तोच कंस ‘हे आता नाही’ असे सांगे. भोकरदन वा परतूरच्या शेतकऱ्याने पीककर्जासाठी काढलेल्या उताऱ्यावर फेडलेले कर्ज कंसात उभेच असे. ते चालू की संपलेले, हे संकेत जाणणाऱ्यालाच कळे. नव्या मांडणीत अशा नोंदीवर आडवी रेघ येते. खोडणे म्हणजे रद्द करणे, हे पाटीवर लिहिणाऱ्या पोरासही ठाऊक असते. खातेदारांच्या नावांमधील तुटक रेघ, प्रलंबित फेरफाराचा उल्लेख, लागवडयोग्य व पोटखराब क्षेत्रांची बेरीज, याही सुधारणा रास्तच. (शासकीय नमुना सुबोध व्हावा, ही घटनाच मुळी विरळ.)

तथापि रेघ ‘काय’ ते सांगते, ‘का’ ते सांगत नाही. खातेदार वारला, त्याने जमीन विकली, की बोजा उतरला, सर्वांस रेघ एकच. कारण हवे तर फेरफार क्रमांक घेऊन गाव नमुना सहा गाठावा लागतो. जुन्या फेरफारांचे क्रमांक एकत्र दिले आहेत खरे. पण ती यादी नुसत्या आकड्यांची आहे.

संगणकाच्या क्षेत्रातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. ‘पोस्टग्रेस’ या माहितीसाठा प्रणालीत फार मोठा मजकूर ‘टोस्ट’ नामक अंतर्गत सारणीत वेगळा ठेवला जातो. या सारणीच्या नावात मूळ सारणीचा केवळ क्रमांक असतो. २०२० मधील तेराव्या आवृत्तीपासून ‘पीएसक्यूएल’ हे आज्ञा-साधन अशा सारणीच्या वर्णनात मूळ सारणीचे नावही देऊ लागले. क्रमांक होता तसाच राहिला. सोबत नाव आले, इतकेच.

सातबाऱ्यासही याहून अधिक काही नको. ‘वारस’, ‘खरेदी’, ‘बोजा कमी’ हे शब्द फेरफार नोंदवहीत आहेतच. त्यांतील योग्य तो शब्द रेघेलगत छापल्यास, १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापासून नोंदींची साखळी जुळवू पाहणाऱ्या जालन्याच्या वारसदाराचा तहसिलीतील एखादा हेलपाटा तरी वाचेल.