पालुपद कोणाचे? : एका हिब्रू स्तोत्राविषयी

बायबलातील १३६व्या स्तोत्रात २६ चरण असून प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच आहे. ही पुनरुक्ती वाचकास कंटाळवाणी होते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र हे स्तोत्र एकट्याने वाचण्याकरिता रचलेले दिसत नाही, आणि याचा पुरावा त्याच्या वाक्यरचनेतच सापडतो. देवाने बलाढ्य राजे मारले, असे सांगून कवी सीहोन व ओग यांची नावे घेतो. परंतु क्रियापद एका चरणात, नावे पुढील दोन चरणांत, आणि मध्ये प्रत्येक वेळी पालुपद. पालुपद वगळले की वाक्य सरळ जुळते. लगतच्या १३५व्या स्तोत्रात हीच हकीकत अखंड आलेली आहे. तेव्हा वाक्य एकाचे व पालुपद समुदायाचे, असेच मानावे लागते. शलमोनाच्या मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी गायकांनी हेच पालुपद म्हटल्याचे इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात नमूद आहे. यहूदी उपासनेत शब्बाथाच्या सकाळी व वल्हांडणाच्या रात्री हे स्तोत्र आजही म्हणतात.

काष्टीसारख्या गावी कीर्तनात टाळकऱ्यांनी धृपद उचललेले ज्याने ऐकले आहे, त्यास हे समजावून सांगावयास नको. कोकणातील बेने इस्राएल समाजानेही १८८०च्या सुमारास बायबलातील आख्याने मराठी कीर्तनात आणली होती. काष्टीहून भीमा ओलांडली की दौंड, आणि पुढे पुण्याच्या वाटेवर केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरविले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते पूर्ण प्रसिद्ध झाले. हा उद्योग थोरच. परंतु गद्य भाषांतर समुदायाला अर्थ देते, ताल देत नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला तो याच उणिवेच्या जाणिवेने, असे मला वाटते.

मूळ पालुपद तीन शब्दांचे, उच्चारात सहा अक्षरांचे आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरणही सहा-सहा अक्षरांचेच! हा केवळ योगायोग असला तरी भाषांतरकाराच्या उपयोगाचा आहे. अडचण ‘हेसेद’ या शब्दाची. रूढ ‘दया’ शब्दात वरिष्ठाने कनिष्ठावर केलेली कृपा येते. ‘हेसेद’मध्ये दिल्या वचनास जागणेही आहे. ‘करारनिष्ठा’ म्हणावे तर सहांपैकी पाच अक्षरे तिनेच अडविली. ‘दया’ आणि ‘सर्वकाळ’ मिळून मात्र नेमकी सहा भरतात. गाण्यासाठी मी हेच पत्करीन; वचनाचा अर्थ पुढे म्हणणाऱ्याने आपल्या निरूपणात उलगडावा.