मेटालिका आईला हाक मारते तेव्हा

मेटालिकाचं ‘मामा सेड’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, प्लेलिस्टमध्ये चुकून दुसऱ्याच कुणाचं गाणं घुसलंय. अकूस्टिक गिटार, मध्येच घसरत जाणारा कंट्रीचा सूर आणि एरवी घसा फाडून ओरडणारा जेम्स हेटफील्ड चक्क हळू गातोय.

हे गाणं १९९६च्या ‘लोड’ अल्बमवरचं. बँडने केस कापले म्हणून जुने चाहते आधीच भडकलेले, त्यात हे कंट्री. ‘विकले गेले’ असा शिक्का बसला. या गाण्यापुरता तरी तो मला साफ नामंजूर आहे.

हेटफील्डची आई सिंथिया ऑपेरा गायची. लहानपणी त्याला पियानोसमोर तिनेच बसवलं. घर ख्रिश्चन सायन्स पंथाचं. आजार प्रार्थनेनं बरा होतो, डॉक्टर नको, औषध नको. शाळेत आरोग्याचा तास सुरू झाला की या पोरानं वर्गाबाहेर जायचं. वडील घर सोडून गेले. मग आईला कॅन्सर झाला, आणि ती गेली तेव्हा हा सोळा वर्षांचा होता.

या सगळ्याचा राग त्याने आधीच गाऊन झाला होता. १९८८चं ‘डायर्स ईव्ह’ आईवडिलांवर तुटून पडतं, १९९१चं ‘द गॉड दॅट फेल्ड’ तिच्या श्रद्धेवर. पण त्या गाण्यांत आई फक्त आरोपी तरी असते, नाहीतर बळी. ‘मामा सेड’मध्ये ती बोलते. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते, पोरगा वैतागतो, हात सोडवून पळतो. परत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आपल्याकडे आईवरचं गाणं म्हटलं की आधी देव्हारा मांडतात. इथे देव्हारा नाही. ‘मला सोड’ आणि ‘मला घरी यायचंय’ हे दोन्ही एकाच तोंडून येतं, आणि मला तरी ते जास्त खरं वाटतं.

यासाठी कंट्रीच का? मेटलमध्ये राग, मृत्यू, युद्ध सगळं बसतं. आईला साधी हाक मारायची तर अवघडल्यासारखं होतं. कंट्रीत तुरुंगातले, ट्रकवरचे, दारूत बुडालेले मुलगे वर्षानुवर्षं ‘मामा’ म्हणत आलेत, आणि कुणी हसत नाही. हेटफील्डचं हे प्रेम तात्पुरतंही नव्हतं. पुढे २००३मध्ये वेलन जेनिंग्जला मानवंदना म्हणून निघालेल्या अल्बमवरही तो गायलाय.

माझी तक्रार वेगळीच आहे. गाणं नीट रंगात आलं की बाकीचा बँड मोठ्या आवाजात आत घुसतो. एवढा वेळ हळवं राहिल्याची लाज वाटली की काय, कोण जाणे! म्हणून जूल्स हॉलंडच्या टीव्ही कार्यक्रमातलं रूप शोधून ऐका. तिथे तो एकटा आहे, हातात एक गिटार, आणि लपायला ड्रम्स नाहीत.